हँडल बदला, खरं पूर्ण बदला

आमच्या बेळगुंदीत नवी गाडी आली की पोरं पहिल्या महिन्यात दोन कामं करतात. मागे कुणाचं तरी नाव लिहून घेतात आणि कंपनीचं हँडल काढून दुसरं बसवतात. नावाबद्दल मला काही म्हणायचं नाही. हँडलबद्दल आहे, कारण त्या हँडलपायी माझे पप्पा एकदा पडलेत.

पप्पांनी तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड बुलेट घेतली. आधीच्या मालकानं तिला सरळ, सपाट दांडा बसवला होता. पोरं त्याला ड्रॅग बार म्हणतात. दिसायला झकासच, खरं पप्पा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. रोजचं जाणं-येणं. सपाट दांड्यावर माणूस पुढं वाकतो, अंगाचा भार मनगटांवर येतो आणि पावसाळ्यानंतरच्या आमच्या रस्त्याचा एकेक खड्डा थेट खांद्यात जातो. सहा महिन्यांत त्यांच्या उजव्या हाताची बोटं रात्री बधिर व्हायला लागली. रोझरीचा मणी बोटाला कळत नाही म्हणायचे.

म्हणून एका गॅरेजमध्ये उंच, मागे वळलेलं हँडल बसवून घेतलं. अर्ध्या तासात काम झालं. आता वाटतं, अर्ध्या तासात झालं तिथंच आम्ही विचारायला हवं होतं. दोन आठवड्यांनी, रविवारी मिस्सा संपल्यावर पप्पा गाडी वळवत होते. हँडल डावीकडे पूर्ण वळलं आणि गाडीनं उडीच घेतली. पप्पा खाली, गाडी पायावर. घोटा सुजला, आठ दिवस काम बंद, आठ दिवसांचा पगार गेला. सगळे म्हणाले, वय झालं, ॲक्सिलरेटर जास्त पिळला असेल.

त्या संध्याकाळी मी गाडी मधल्या स्टँडवर लावली, न्यूट्रलमध्ये चालू केली आणि मूठ न पिळता हँडल सावकाश डावीकडे वळवलं. शेवटच्या चार बोटांच्या अंतरात इंजिनाचा आवाज आपोआप चढला. सरळ केलं, उतरला. परत वळवलं, परत चढला. पप्पा आतून ओरडले, "काय करूलीस गं तिथं?" मी म्हटलं, तुमची चूक नव्हती ते बघूलोय.

कारण साधं होतं. हँडल उंच झालं, पण केबल जुन्याच राहिल्या. हँडल पूर्ण वळलं की तोकडी केबल ताणली जाते आणि मूठ न पिळताही ॲक्सिलरेटर ओढला जातो. क्लचची केबल अशीच ताणलेली राहिली तर क्लच पूर्ण धरतच नाही, प्लेटी झिजतात. आणि पुढच्या ब्रेकचं काय होईल याचा विचार तुम्हीच करा.

नंतर मी जरा खोलात गेले. (साहित्याची विद्यार्थिनी गॅरेजात बसून काय करते, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारून झालाय.) स्विचच्या डबीच्या आत एक छोटी खुंटी असते, ती हँडलच्या भोकात बसते म्हणून डबी फिरत नाही. नव्या दांड्याला भोक नसलं की काही जण ड्रिल मारायच्या ऐवजी ती खुंटीच घासून टाकतात. मग ऐन वेळी हॉर्न दाबायला जावं तर डबीच फिरते. दांडा क्लॅम्पमध्ये सैल बसला तर मध्ये पत्र्याची पट्टी सारणारेही आहेत. मुठींच्या टोकाला वजनं असतात, ती शोभेची नव्हेत. थरथर कमी करायला असतात. ती काढून टाकली की बोटं बधिर होणारच.

तर मग कंपनीचंच हँडल पवित्र मानायचं का? आमच्या घरात दोन काका हेच म्हणतात. मला पटत नाही. रॉयल एनफील्डनं २०१८ मध्ये इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी अशा दोन ६५० सीसी गाड्या आणल्या. इंजिन एकच, सांगाडाही तोच. एकीचं हँडल रुंद आणि उंच, दुसरीचं खाली, क्लिप-ऑन. म्हणजे एकाच गाडीवर दोन तऱ्हेनं बसता येतं हे कंपनीलाच मान्य आहे. 'स्टँडर्ड' हँडल हे कुणा एका सरासरी माणसासाठी काढलेलं असतं. तो सरासरी माणूस मला अजून भेटलेला नाही. आम्हा बेळगावकडच्यांना प्रमाण मराठीचा अनुभव असल्यामुळे हे लवकर कळतं. वर्गात 'पण' म्हणायचं, घरी 'खरं' म्हणायचं.

कायदा मात्र या बाबतीत मला अपुरा वाटतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असे बदल चालत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. ठीक आहे. पण आरसी काढून बघा. चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग, इंधन, सगळं आहे, हँडलची ओळ नाही. मग मनगट दुखतं म्हणून बदललेलं हँडल कुठल्या खात्यात जातं? अपंग व्यक्तीसाठी परवानगी घेऊन गाडीत बदल करता येतो, ती सोय कायद्यात आहे. फौंड्रीत पंचवीस वर्षं उभं राहून खांदे आखडलेल्या माणसासाठी नाही. आम्ही केए-२२ पाटीची गाडी घेऊन एका बाजूला चंदगडला जातो, दुसऱ्या बाजूला चोर्ल्यावरून गोव्यात उतरतो. हँडल चालेल की नाही, हे नाक्यावर उभा असलेला माणूस ठरवणार.

गाव हादरवणारा फोडलेला सायलेन्सर आणि दुखणाऱ्या मनगटासाठी बदललेलं हँडल एकाच पोत्यात घालू नका, एवढंच माझं मागणं आहे. हँडलची रुंदी-उंची किती चालेल ते लिहा, आरसे सक्तीचे ठेवा, आणि गाडी परत देण्याआधी हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून आवाज चढत नाही हे गिऱ्हाइकासमोर दाखवणं गॅरेजवर बंधनकारक करा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि पोरांनो, दांड्याला पैसे आहेत तर लांब केबललाही ठेवा.

पप्पांच्या गाडीला आम्ही लांब केबल घातल्या, खुंटीसाठी भोक पाडून घेतलं, वजनं बसवली. बोटं आता बरी आहेत. पूर्ण वळवताना मात्र ते अजून क्षणभर थांबतात आणि कान देतात. जुना सपाट दांडा गोठ्यात पडून होता. परवा बघितला तर तिथं नव्हता. माझा धाकटा भाऊ दोन दिवस माझी नजर चुकवतोय.