सेवा निष्काम असावी, बेवारशी नसावी

ज्येष्ठ स्वयंसेवकांसाठी राज्याने कायदा करावा, ही मागणी घेऊन आमदारांकडे जायचे म्हटले की पहिला विरोध आपल्याच माणसांकडून होतो. "सेवेला कायदा कशाला? चाळ कमिटीचं काम आम्ही काय कलम वाचून केलं?" गिरगावच्या चाळीत, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, लालबागच्या मंडळात हा प्रश्न हमखास येतो. तो विचारणारी माणसे अंग चोरणारी नसतात, उलट आयुष्यभर दुसऱ्यांसाठी धावलेली असतात. म्हणूनच त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे. बाकीच्या आक्षेपांचे मग बघू.

सेवेचा कायदा झाला तर तिच्यातला भाव जातो, असे यांचे म्हणणे. पण सेवेचा कायदा याच मुंबईत पाऊणशे वर्षांपूर्वी झालेला आहे. होमगार्ड संघटना ६ डिसेंबर १९४६ रोजी इथेच उभी राहिली. दंगलींनी होरपळलेल्या शहरात पोलिसांना नागरिकांचा हात हवा होता. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी मुंबई होमगार्ड अधिनियम, १९४७ आला. त्या संघटनेचे ब्रीदवाक्यच 'निष्काम सेवा' आहे. होमगार्डला प्रशिक्षण मिळते, गणवेश मिळतो, बंदोबस्ताच्या दिवसांचा भत्ता मिळतो, त्याच्यावर कोणाचा हुकूम चालेल हे ठरलेले असते. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर रात्रभर उभा राहणारा होमगार्ड भत्ता घेतो, म्हणून त्याची सेवा खोटी ठरते काय? विद्यार्थ्यांसाठी एनसीसीचा कायदा १९४८ मध्ये झाला, महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली. म्हणजे शाळकरी मुलापासून कर्त्या माणसापर्यंत सर्वांच्या सेवेची सोय सरकारने लावून दिली आणि साठीच्या उंबरठ्यावर मात्र थांबले. त्यानंतर निवृत्तिवेतनधारकाकडून दर नोव्हेंबरात सरकार एकच गोष्ट मागते, हयातीचा दाखला. माणूस जिवंत आहे एवढे कळले की काम झाले. तो काय करू शकतो, हे विचारणारा रकाना कोणत्याही अर्जात नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. "कायदा आहेच. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम आहे, महाराष्ट्राचे २०१० चे नियम आहेत. आणखी काय हवे?" हे नियम जरूर वाचावेत. प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, अद्ययावत यादी ठेवायची. महिन्यातून किमान एकदा पोलीस प्रतिनिधीने, शक्यतो समाजसेवक किंवा स्वयंसेवकाला बरोबर घेऊन, त्यांची भेट घ्यायची. ठाण्यागणिक स्वयंसेवक समित्या स्थापायच्या आणि त्यांनी ज्येष्ठ, पोलीस व जिल्हा प्रशासन यांच्यातला दुवा व्हायचे. विचार उत्तम आहे. स्वयंसेवक हा शब्द त्यात आहे, पण स्वयंसेवक नावाच्या माणसाची काळजी कुठेही नाही.

हे प्रत्यक्षात कसे घडेल ते पाहा. ठाकुरद्वारच्या एखाद्या जुन्या चाळीत चौथ्या मजल्यावर पागडीच्या खोलीत पंच्याऐंशीच्या आजी एकट्या राहतात. मुलगा डोंबिवलीला, मुलगी परदेशात. चाळ पुनर्विकासाला जायची म्हणून खोली सोडता येत नाही. त्यांच्याकडे दर महिन्याला जायला बँकेतून निवृत्त झालेल्या अडुसष्ट वर्षांच्या बाई तयार आहेत. लाकडी जिना, दोराला धरून चढायचे, पावसाळ्यात पायऱ्या ओल्या. पाय घसरून बाईंचे हाड मोडले तर इस्पितळाचा खर्च कोणी करायचा? आजींच्या कपाटातली बांगडी सापडेनाशी झाली आणि नातेवाइकांनी बाईंवर बोट दाखवले तर बाजू कोणी घ्यायची? उलट, उद्या एखादा लबाड माणूस स्वयंसेवक म्हणून आजींच्या घरात शिरला आणि करारनाम्यावर सही घेऊन गेला, तर त्याची पडताळणी कोणी करायला हवी होती? यांपैकी एकाही प्रश्नाला २०१० च्या नियमांत उत्तर नाही. ओळखपत्र, पडताळणी, प्रशिक्षण, प्रवासखर्च, अपघात विमा यांची जबाबदारी कोणावरच टाकलेली नसेल, तर समिती कागदावर राहणार. त्यात स्वयंसेवकांचा दोष नाही. जबाबदार माणूस बेवारस काम हाती घेत नाही, आणि त्याने घेऊही नये.

आता लालबाग-परळच्या आक्षेपाकडे येतो. तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. "म्हाताऱ्यांना फुकट राबवतील आणि आमच्या पोरांच्या जागा भरणार नाहीत." गिरणगावातल्या माणसाने हे म्हणावे यात नवल काय? गिरण्यांत बदली कामगार वर्षानुवर्षे दारात उभा केला जाई. गरज असेल त्या दिवशी आत, नसेल त्या दिवशी घरी. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपामागे जी खदखद होती, तिच्यात बदलीवाल्यांची हलाखीही होती. मनुष्यबळ स्वस्तात मिळाले की मालक कायम नेमणूक टाळतो, हे या वस्तीला कोणी शिकवायची गरज नाही. सरकारही मालकच आहे.

म्हणून हा आक्षेप मी खोडून काढत नाही, तो कायद्यातच लिहून घ्या असे म्हणतो. अमेरिकेने हेच केले. तिथल्या १९७३ च्या डोमेस्टिक व्हॉलंटियर सर्व्हिस ॲक्टखाली पंचावन्न वर्षांपुढचे नागरिक मुलांसाठी 'फॉस्टर ग्रँडपेरेंट' म्हणून, एकट्या वृद्धांसाठी सोबती म्हणून काम करतात. पगारी माणसाने एरवी जे काम केले असते ते स्वयंसेवकाला देऊ नये आणि त्याच्यामुळे कोणाची नेमणूक टळू नये, असे बंधन त्या कायद्यातच आहे. स्वयंसेवकांना अपघात विम्याचे संरक्षण आणि प्रवासखर्चही आहे. आपल्याकडे असे बंधन आज कुठे आहे? कायदा नाही म्हणूनच ज्येष्ठांना कोणी कुठेही फुकट बसवले तरी दाद मागता येत नाही. ज्या भीतीपोटी कायद्याला विरोध होतो, ती भीती कायद्यावाचून जाणार नाही.

आणि पगारी माणसाच्या जागेवर न बसता करण्याजोगे काम किती आहे, हे पाहायला परळला जावे. केईएम, टाटा, वाडिया ही तिन्ही रुग्णालये हाकेच्या अंतरावर. जळगावहून, गडचिरोलीहून, बिहारमधून आलेले कुटुंब पहाटे केसपेपरच्या रांगेत उभे असते. कोणत्या इमारतीत जायचे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिकेच्या किती प्रती लागतात, रात्री टेकायचे कुठे, हे सांगणारा कोणी नसतो. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, पण त्यांच्या टेबलासमोरची गर्दी ज्याने पाहिली आहे तो त्यांना दोष देणार नाही. परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा रुग्णांच्या निवाऱ्याचे काम वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. तिथपर्यंत रुग्णाला हात धरून नेणारा माणूस हवा आहे. आयुष्यभर मंत्रालयात किंवा महापालिकेत फायली हाताळलेला निवृत्त कारकून हे काम जसे करील तसे दुसरे कोणी करणार नाही. कोणता कागद कोणत्या खिडकीवर अडतो हे त्याला पाठ असते. हे ज्ञान आपण निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवतो. मला हा सार्वजनिक संपत्तीचा अपव्यय वाटतो आणि तो थांबवणे हे सरकारचे कर्तव्य वाटते.

"आधी पेन्शन द्या, मग सेवा मागा," असेही काही कार्यकर्ते म्हणतात. श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये मुंबईत कशाला पुरतात, हा प्रश्न रास्त आहे. मार्च २०२० मध्ये बंद झालेली रेल्वे सवलत परत मिळालीच पाहिजे. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास मोफत झाला, चांगले झाले, पण परळहून दादरला जायला बेस्टच लागते. या साऱ्या मागण्यांवर माझीही सही आहे. मात्र त्यांच्यासाठी ही मागणी मागे ठेवा, हे मला मान्य नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये ज्येष्ठांसाठी जी तत्त्वे मंजूर केली, त्यांत अन्न, निवारा, उपचार यांच्या जोडीला स्वतःच्या आवडीनुसार आणि कुवतीनुसार स्वयंसेवक म्हणून काम करण्याची संधीही धरली आहे. पोटाचा हक्क आणि उपयोगी पडण्याचा हक्क एकाच यादीत आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे सुमारे १ कोटी ११ लाख लोक होते, आज त्याहून अधिक आहेत. एवढ्या लोकांकडे केवळ लाभार्थी म्हणून पाहणारे सरकार त्यांना लाभही उपकारासारखाच देणार.

उरला तो मंत्रालयातला सौम्य आक्षेप. "कायदा कशाला, शासन निर्णय काढू." ज्येष्ठांचे धोरण राज्याने २००४ मध्ये जाहीर केले, २०१३ मध्ये मंत्रिमंडळाने नव्याने मंजूर केले आणि त्याचा सविस्तर शासन निर्णय जुलै २०१८ मध्ये निघाला. शासन निर्णयाचा वेग हा असा. शिवाय तो एका सहीने येतो आणि एका सहीने जातो. वि. स. पागे यांनी हे ओळखले होते. रोजगार हमीचा प्रयोग त्यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिला, १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, तरी ते योजनेवर थांबले नाहीत. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क झाला. पैशाचे काय, असे तेव्हाही विचारले गेले. त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. दादर-गिरगावच्या नोकरदारांच्या पगारातून जन्मभर कापला गेलेला तो कर मुळात धुळ्या-बीडच्या मजुराच्या कामासाठी होता. ज्या पिढीने तो निमूटपणे भरला, तिच्या विम्याला आणि बसभाड्याला पैसा नाही, असे तिच्या तोंडावर सांगणे कोणत्याही मंत्र्याला जड जावे.

कायद्याचा दुसरा उपयोग संकटात कळतो. अमेरिकेत ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत स्वयंसेवेचा कारभार पाहणारी केंद्रीय संस्थाच बंद करण्याचा प्रस्ताव चार अर्थसंकल्पांत लागोपाठ आला. चारही वेळा तिथल्या काँग्रेसने पैसा चालू ठेवला. कायदा होता आणि त्याच्या पाठीशी आपापल्या प्रतिनिधींना लिहिणारे लोक होते, म्हणून ते शक्य झाले. आपल्याच देशात केरळने २०२५ मध्ये ज्येष्ठ नागरिक आयोगाचा कायदा केला. महाराष्ट्राने मागे राहण्याचे कारण नाही.

"आमदार आपलं ऐकतील कशाला?" हा शेवटचा प्रश्न थकव्यातून येतो. थकलेल्यांनी दत्ता इस्वलकरांची आठवण ठेवावी. बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांना घेऊन ते १९८९ पासून मंत्र्यांची, आमदारांची दारे ठोठावत राहिले. गिरणीच्या जमिनीवर कामगारांना घरे, ही मागणी तेव्हा अनेकांना वेडगळ वाटे. २०१२ मध्ये म्हाडाने घरांची मोठी सोडत काढली, तेव्हा नाव निघालेल्यांत केस पिकलेले पुष्कळ होते. सर्वांना घरे मिळाली नाहीत, लढा अजून चालू आहे. पण जे मिळाले ते वयस्कर माणसांनी पुन्हा पुन्हा जाऊन मिळवले.

आपण काय करायचे ते साधे आहे. आपल्या पोलीस ठाण्याकडे, मग ते डी. बी. मार्ग असो, व्ही. पी. रोड, शिवाजी पार्क, भोईवाडा किंवा काळाचौकी, माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. २०१० च्या नियमांनुसार स्वयंसेवक समिती कधी नेमली, सदस्य किती, शेवटची सभा केव्हा झाली, एवढेच विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ते उत्तर, काहीही असो, हातात घेऊन आमदारांना भेटा. गिरगावकरांचे मतदारसंघ मलबार हिल आणि मुंबादेवी, लालबाग-परळचा शिवडी, दादरचे माहीम आणि वडाळा. छापील निवेदनावर शंभर सह्या घेण्यापेक्षा दहा जणांनी स्वतःच्या हाताने, स्वतःचा अनुभव लिहिलेली दहा पत्रे द्यावीत. आमदारांकडून तारांकित प्रश्न मागा, लक्षवेधी मागा आणि अशासकीय विधेयक मांडण्याचे लेखी आश्वासन मागा. अशी विधेयके क्वचितच मंजूर होतात हे मला ठाऊक आहे. पण ती चर्चेला आली की मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावे लागते, ते कामकाजात नोंदले जाते आणि पुढच्या अधिवेशनात ते पुढे करता येते. विधेयकात काय हवे तेही पत्रात लिहा. वॉर्डवार नोंदणी व पडताळणी, ओळखपत्र, अपघात विमा, बसभाडे, तक्रारीसाठी नेमलेला अधिकारी, आणि रिक्त पदावर स्वयंसेवक बसवण्यास स्पष्ट मनाई.

अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईतच भरते. विधान भवन गिरगावहून चालत गाठता येते, दादर-परळहून एका बसने. पुढचे अधिवेशन सुरू होण्याआधी प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघाचे पत्र आपल्या आमदाराच्या हातात पडले पाहिजे, आणि ते टपालाने न पाठवता तुम्ही स्वतः नेऊन दिले पाहिजे.