व्यवसायाचा उद्देश : ______

८ एप्रिल २०१५ रोजी मुद्रा योजना सुरू झाली. तेव्हापासून कर्जत-खालापूरकडची मंडळी बँकेसाठी लिहिलेला 'व्यवसायाचा उद्देश' मला दाखवायला आणतात. जुने 'तरुण' कर्ज फेडणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये मर्यादा २० लाखांवर गेली. उद्देशाचे वाक्य मात्र तेच, झेरॉक्सच्या दुकानातले : 'स्वावलंबी होऊन देशाच्या विकासास हातभार लावणे.' देशाचे राहू द्या, हप्ता कशातून फेडणार?

या कर्जाला तारण नाही. म्हणजे अधिकाऱ्यापुढे माणसाची पत सांगणारे जे थोडके असते, त्यात हा कागद येतो.

परवा एक ताई आल्या. खानावळीसाठी 'शिशु' गटातले, म्हणजे पन्नास हजारांच्या आतले कर्ज. विचारले, "गिऱ्हाईक कधी येतं?"

"पावसात, शनिवार-रविवार. धबधब्यांवर बंदीचा हुकूम निघाला की चूल थंड."

"मग?"

"खोपोलीच्या कामगारांना डबे देते ना! ते बारा महिने."

हे कागदावर कुठेच नव्हते. आम्ही दोघांनी बसून ते लिहिले, बंदीसकट. सही करताना त्या थबकल्या. "बंदीचं वाचून साहेब नाही म्हणाले तर?"

म्हणतीलही, मी म्हणालो. त्यांनी सही केली.