‘ईसीजी नॉर्मल’ आल्यानंतर

मध्यरात्री तिशीतल्या एखाद्या माणसाला घरचे धावतपळत इस्पितळात आणतात. छातीत धडधड, दरदरून घाम, हातापायांना मुंग्या आणि ‘आता मी वाचत नाही’ अशी पक्की खात्री. ईसीजी नॉर्मल येतो. ‘तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका,’ असं सांगून त्याला घरी पाठवतात. आरोग्यावर लिहिताना मला सर्वाधिक खटकत आलेलं वाक्य ते हेच. त्याला पॅनिक अटॅक आलेला असतो, आणि ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

पॅनिक अटॅक अचानक येतो आणि काही मिनिटांतच शिगेला पोहोचतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्याची १३ लक्षणं दिली आहेत. त्यांतली किमान चार एकदम दिसावी लागतात. ‘अँग्झायटी अटॅक’ नावाचं निदान मात्र त्या पुस्तिकेत नाही. लोक ज्याला तसं म्हणतात ती बहुधा चढत गेलेली काळजी असते: नोकरीतली कपात, आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट. ती तासन्‌तास, दिवसेंदिवस पोखरते, झोप उडवते, मान आखडवते, माणसाला चिडचिडं करते. पॅनिकला असं कारण लागतंच असं नाही. गाढ झोपेतूनही ते माणसाला उठवून बसवतं. अर्थात लिफ्टची धास्ती असलेल्याला लिफ्टमध्येच अटॅक येऊ शकतो आणि एकाच माणसाला दोन्ही त्रास असू शकतात. म्हणून कारणापेक्षा वेग पाहावा.

हा फरक औषधातून पुढे आला. १९६०च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये डॉ. डोनल्ड क्लाइन यांना दिसलं, की इमिप्रामिन दिल्यावर रुग्णांचे झटके थांबतात, पण पुढचा झटका कधी येईल ही धास्ती तशीच राहते. म्हणजे ही दोन वेगळी दुखणी असली पाहिजेत. तोवर सगळ्यांवर चिंताविकृतीचा एकच शिक्का बसायचा. १९८०च्या पुस्तिकेत पॅनिकचा विकार वेगळा नोंदला गेला.

मग झटका इतका भयंकर का वाटतो? घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. हे हृदयाचंच लक्षण, असं त्याला वाटतं; भीती वाढते, श्वास आणखी भरभर होतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हे चक्र नेमकं मांडलं. उपचारही तिथेच घाव घालतो. थेरपिस्टसमोर मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायचा, जागच्या जागी धावायचं आणि धडधड जिवावर बेतत नाही हे शरीराकडूनच शिकायचं. सततच्या काळजीवर हा उतारा चालत नाही. तिथे काळजी करण्याच्या सवयीवरच काम करावं लागतं.

‘काही नाही’ ऐकून घरी गेलेल्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. तो दुसरा ईसीजी काढतो, मग टू-डी एको, मग टीएमटी. लोकल सोडतो, गर्दी टाळतो, एकटं बाहेर पडणं थांबवतो. कुणी झोपेची गोळी सुरू करून देतं आणि तिची सवय लागते.

छातीत पहिल्यांदा दुखलं तर हे पॅनिकच असेल असं घरबसल्या ठरवू नका. आधी ईसीजी काढाच, थायरॉइडही तपासा. पण तपासण्या नीट आल्या की डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदावर ‘पॅनिक अटॅक’ असं स्पष्ट लिहावं, यावर उपचार आहे हे तोंडानं सांगावं आणि मनोविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. गावात तो नसेल तर निदान १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लिहून द्यावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.