फोनच्या विजेचा हिशोब लोकांपुढे मांडा

फोनवर कॅमेरा उघडायला पापणी लवण्याइतकाच वेळ लागतो. तेवढ्यात चिपच्या पोटात बरीच घासाघीस होऊन जाते. चिपच्या अनेक भागांना वीज पुरवणारी लाइन बऱ्याचदा एकच असते. अशा एका लाइनवरच्या गटाला ‘पॉवर डोमेन’ म्हणतात. लाइनवरची वीज पायऱ्यापायऱ्यांनी कमी-जास्त करता येते. समजा, पडद्याला दुसऱ्या पायरीची वीज पुरते आणि त्याच लाइनवरच्या कॅमेऱ्याला चौथी लागते. फोनच्या सॉफ्टवेअरचा गाभा असलेला लिनक्स कर्नल सगळ्यांच्या मागण्या पाहतो आणि त्यांतली सर्वांत वरची, म्हणजे चौथी पायरी लावतो. कॅमेरा बंद झाला की पुन्हा हिशोब होतो आणि लाइन दुसरीवर उतरते. चढताना आधी व्होल्टेज वाढवायचे, मग चिपचा वेग. उतरताना आधी वेग कमी करायचा, मग व्होल्टेज. हा क्रम उलटला तर अपुऱ्या व्होल्टेजवर धावणारी चिप चुकीची उत्तरे देते किंवा फोन जागच्या जागी बंद पडतो.

एवढा खटाटोप वाया जात नाही. चिपच्या कामाला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले तर हा खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो.

पायऱ्यांची ही सोय लिनक्समध्ये २०१७-१८च्या सुमारास आली. २०२३मध्ये पॉवर डोमेनच्या कोडला कर्नलमध्ये स्वतंत्र घर मिळाले. मुख्य कर्नलमधला हा कोड कोणीही वाचू शकतो, चूक दिसली तर सुधारणा पाठवू शकतो.

अडचण पुढेच आहे. अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सच असते, पण बहुतेक फोनांत चिप कंपनीने स्वतःच्या बदलांनी भरलेली वेगळी प्रत चालते. ते बदल मुख्य कर्नलपर्यंत पोचलेच नाहीत, तर कंपनीने हात काढून घेतल्यावर नव्या कर्नलवर फोनची वीज सांभाळणार कोण? फेअरफोन या डच कंपनीने याची किंमत मोजली आहे. डिसेंबर २०१५मध्ये विक्रीला आलेल्या ‘फेअरफोन २’च्या चिपला ती बनवणाऱ्या क्वालकॉमचा आधार मिळणे थांबले, तरी कंपनीने स्वतःच्या बळावर २०२३पर्यंत अपडेट दिले. ‘फेअरफोन ५’साठी मग तिने मुद्दाम औद्योगिक वापराची चिप निवडली, कारण तिला आधार जास्त वर्षे मिळतो. ग्राहकाच्या खिशातला फोन किती वर्षे चालेल, हे असे चिप कंपनीच्या मर्जीवर सोडणे चूक आहे.

विजेचे निर्णय लपवले की काय होते, तेही जगाने पाहिले. जुनी बॅटरी ऐन भाराच्या क्षणी दम तोडते आणि फोन अचानक बंद होतो, म्हणून ॲपलने २०१७च्या सुरुवातीच्या एका अपडेटमध्ये अशा आयफोनचा वेग उतरवायला सुरुवात केली. अभियांत्रिकी म्हणून हा उपाय योग्यच होता. पण ग्राहकांना धड सांगितले गेले नाही आणि बॅटरी बदलून भागले असते तिथे अनेकांना फोनच म्हातारा झाल्यासारखे वाटले. ॲपलने डिसेंबर २०१७मध्ये माफी मागितली. २०२०मध्ये फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंड भरावा लागला, तो माहिती न दिल्याबद्दल.

युरोपीय संघाने जून २०२५पासून फोनची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट देण्याची अट घातली आहे. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने दुरुस्ती-योग्यता निर्देशांकाचा आराखडा २०२५मध्ये सादर केला आणि त्यात सॉफ्टवेअर अपडेट हा एक निकष आहे. त्या निकषाला एक प्रश्न जोडला पाहिजे: या फोनच्या पॉवर डोमेनचा कोड मुख्य लिनक्समध्ये आहे का? मात्र काही चिपमध्ये कर्नल फक्त पायरीचा आकडा कळवतो आणि खरे व्होल्टेज आतला वेगळा कंट्रोलर ठरवतो. त्याचा कोड बंदच राहतो. म्हणून निर्देशांकाने सगळे काही एकदम मागू नये. कर्नलच्या बाजूचा कोड उघड असेल त्या फोनला गुण द्यावेत, नसेल त्याचे गुण कापावेत आणि ते गुण खोक्यावर, किमतीशेजारी छापावेत.