शहाण्यांनो, कोर्टाची पायरी चढा!

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, असे मराठीत म्हणतात. आम्ही मुसलमानांनी ही म्हण इतकी मनावर घेतली आहे की, कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही आम्ही तीच ऐकवतो. मुलगा एलएलबीला गेला की अब्बा मोहल्ल्यात चार जणांना अभिमानाने सांगतात. घरी मात्र त्याच मुलाला बजावतात, "बेटा, लेक्चरला जा, परीक्षा दे, घरी ये. सभा, मोर्चा, निवडणूक, कसल्याही भानगडीत पडू नकोस. आपले दिवस बरे नाहीत."

दिवस बरे नाहीत, हे कोण नाकारतो? पण दिवस बरे नसतात तेव्हाच वकील लागतो ना! रात्री दोन वाजता पोलिसांची गाडी गल्लीत येते, एखाद्याच्या पोराला उचलून नेते, तेव्हा आम्ही कोणाचे दार ठोठावतो? अतिक्रमणाची नोटीस येते, रेशनकार्डावरचे नाव उडते, लेक माहेरी परत पाठवली जाते, तेव्हा आम्हांला कसा वकील हवा असतो? निर्भीड, जाणता, न्यायाधीशापुढे ठामपणे उभा राहणारा. हा वकील आभाळातून पडणार आहे काय? पाच वर्षे ज्याला आम्ही तोंड उघडू दिले नाही, तो सहाव्या वर्षी कोर्टात बोलेल कसा?

कायद्याचे शिक्षण आणि सार्वजनिक जीवन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा आमचा समज आहे. या महाराष्ट्राचा इतिहास तसे सांगत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांसह ओंजळीत घेतले. विरोधक कोर्टात गेले. बाबासाहेब तिथेही लढले आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. मधल्या काळात, १९३५ साली, ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले होते. वर्ग, कोर्ट आणि तळे या तिन्ही ठिकाणी एकच माणूस उभा होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसरी परिषद भरायची होती आणि कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. त्यांनी एका वकिलाच्या लढ्याला जमीन दिली. आम्ही आमच्या पोराला सभेला जायची परवानगीही देत नाही.

बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ साली बॅरिस्टर होऊन मुंबईला परतले. मुंबईचे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. त्यांनी अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत भाग घेतला, १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले, पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात अडकलेल्या लोकमान्य टिळकांना जामीन मिळाला, तो याच तय्यबजींच्या न्यायासनाकडून. राजकारणातले मतभेद त्यांनी न्यायाच्या आड येऊ दिले नाहीत. या माणसाचे नाव आम्ही भाषणात घेतो आणि मुलाला सांगतो, भानगडीत पडू नकोस.

आता लॉ कॉलेजात जाऊन पाहू. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने विद्यापीठांत आणि विधी महाविद्यालयांत विधी सहाय्य केंद्रे उभारण्याची दिशा दिली. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी ते केंद्र प्रत्येक महाविद्यालयाकडून मागितले. किती ठिकाणी ते खरोखर चालते? आम्ही एका महाविद्यालयात चौकशी केली, तेव्हा केंद्राची पाटी दिसली, दाराला कुलूप दिसले, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते गृहस्थ रजेवर होते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा, असाही नियम आहे. ओळखीच्या वकिलाकडून सहीचा कागद आणून ही अट भागवणारे विद्यार्थी आम्हांला ठाऊक आहेत, आणि तो कागद मिळवून देणारे वडीलही आम्हीच आहोत.

विद्यार्थी काय करू शकतो, असे विचारणाऱ्यांना आम्ही एकच उदाहरण देतो. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे. त्यांत आमची पोरे आहेत, दलितांची आहेत, आदिवासींची आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४७९ सांगते की, गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ जो कच्चा कैदी म्हणून काढतो, त्याला जामिनावर सोडण्याचा विचार झाला पाहिजे. यापूर्वी कधीच कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलेला नसेल तर एक तृतीयांश काळ पुरतो. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असणारे यातून वगळले आहेत. हा हिशेब करायला सनद लागत नाही. कॅलेंडर, अटकेची तारीख आणि कलमाचे पुस्तक लागते. विद्यार्थी कोर्टात उभा राहू शकत नाही, पण पॅरा-लीगल स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवू शकतो, यादी करू शकतो, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापर्यंत पोहोचवू शकतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, एवढे जरी त्याने गल्लीत सांगितले तरी सावकाराच्या दारातली काही पावले मागे फिरतील.

कॉलेजच्या निवडणुकीचे नाव काढले की आम्ही दचकतो. गुंडांचे काम, म्हणतो. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात वर्गात पहिला येणारा तोच प्रतिनिधी, अशी पद्धत आणली आणि एका पिढीने महाविद्यालयात मतपेटी पाहिलीच नाही. २०१६ च्या कायद्याने निवडणूक पुन्हा कागदावर आली. तिच्यातली गुंडगिरी रोखायला २००६ साली लिंगडोह समितीने खर्चाला पाच हजारांची मर्यादा आणि हजेरीला ७५ टक्क्यांची अट सुचवली होती. सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. मग भ्यायचे कशाला? ज्याने वर्गातल्या साठ जणांची मते मागितली नाहीत, हरला नाही, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसला नाही, तो लोकशाहीचे कलम पाठ म्हणेल. ते वापरायची वेळ आली की मात्र गडबडेल.

पोटाचे काय, असा सवाल येईल. तो खोटा नाही. वकिलाची सनद घ्यायला १९६१ च्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारण गटाला ७५० रुपये फी आहे. प्रत्यक्षात राज्यांच्या बार कौन्सिल हजारोंनी पैसे घेत होत्या, आणि ३० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाला सांगावे लागले की, कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त घेता येणार नाही. गरिबाचे पोर दारात अडवले जात होते आणि अडवणारे कायदेपंडितच होते! सनद मिळाल्यावर सिनियरकडे दोन-तीन वर्षे चहापाण्याच्या पैशावर काढायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने ज्युनियरला शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये महिना द्यावा, अशी शिफारस केली. शिफारसच ती, सक्ती नव्हे. २० मे २०२५ च्या निकालाने सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश होण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. म्हणजे थेट वर्गातून न्यायासनावर जाण्याचे आमच्या मुलामुलींचे स्वप्नही आता या उपाशी वर्षांतूनच जाणार. ती वर्षे कोण पोसणार? लग्नात हॉलवर आणि जेवणावळीवर लाखो उधळणारी जमात एका ज्युनियरचा तीन वर्षांचा खर्च उचलू शकत नाही काय?

आता सर्वांत अवघड गोष्ट. हा वकील कोणाचा? शाहिद आझमींना ऐन तारुण्यात टाडाखाली तुरुंगवास घडला. ते तिहारमध्ये शिकले, सुटल्यावर वकील झाले आणि दहशतवादाच्या आरोपांत अडकलेल्यांचे खटले लढले. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यात त्यांच्या कचेरीत त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. वय अवघे ३२. २६/११ च्या खटल्यातल्या ज्या आरोपीचा बचाव ते करत होते, तो पुराव्याअभावी सुटला आणि सुप्रीम कोर्टातही ती सुटका टिकली. आझमींचे नाव घेताना आमचे डोळे ओले होतात. व्हायलाच हवेत.

पण २००२ साली याच मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात रहीमबी नावाची बाई पोटगीसाठी उभी होती. नवरा म्हणाला, तलाक दिला आहे. पूर्णपीठाने सांगितले की नुसते म्हणून भागणार नाही. तलाक सिद्ध करावा लागेल, त्याचे कारण आणि समेटाचा प्रयत्नही दाखवावा लागेल. रहीमबीचे वकीलपत्र घेणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आम्ही मोहल्ल्यात खांद्यावर घेतले असते काय? की "कौमची बदनामी करतो" म्हणून त्याच्या बापाला मशिदीच्या दारात गाठले असते? प्रामाणिकपणे उत्तर देऊ या.

६ डिसेंबर २०१० रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले की, अमक्या आरोपीचा बचाव कोणी करू नये असा वकील संघटनेचा ठराव घटनाबाह्य आणि रद्दबातल आहे. दहशतवादाचा आरोप असलेल्या आमच्या पोरांना वकील नाकारला जातो तेव्हा आम्ही याच निकालाकडे बोट दाखवतो. तो निकाल कोणाच्या निमित्ताने आला? कोइमतूरच्या वकिलांनी काही पोलिसांचे वकीलपत्र घ्यायचे नाही असे ठरवले होते, त्यावरून. पोलिसाला मिळालेले संरक्षण आमच्या पोराच्या कामी आले. आपल्यापुरता कायदा मागणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जो वकील आमच्या निरपराध पोरासाठी उभा राहतो, तोच आमच्याविरुद्ध आमच्या सुनेसाठी उभा राहील. तेव्हाही आम्ही त्याला दुवा देणार असू, तरच पहिल्या वेळी त्याला हाक मारण्याचा हक्क आम्हांला आहे.

आणि मुलींचे काय? केरळच्या एम. फातिमा बीवींनी १९५० साली सनद घेतली आणि १९८९ साली त्या सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. त्यांना कायद्याकडे वळवले ते त्यांच्या वडिलांनी. आमच्या किती घरांत लेकीचा काळा कोट निकाहनंतर कपाटात टांगलेला आहे, हे प्रत्येकाने आपापल्या घरी मोजावे.

म्हणून आम्ही आमच्याच बिरादरीला सांगतो. ईदला मुलगा सलाम करायला आला की त्याला मार्क विचारू नका. विधी सहाय्य केंद्राचे कुलूप उघडले का, विचारा. कोणत्या तुरुंगात गेलास, किती तारखा मोजल्यास, निवडणुकीत किती मते पडली, विचारा. कोर्टाची पायरी गरिबाला चढावीच लागते, तो शहाणा असो वा नसो. त्याच्यासोबत कोणी शहाणा चढतो की नाही, एवढेच आपल्या हातात आहे.