आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी



खताच्या पोत्याची किंमत दुकानदार आपल्याला तोंडपाठ सांगतो. ते पोते पेटले तर काय करायचे, हे मात्र दुकानदार सांगत नाही, कृषी सहायक सांगत नाही आणि तहसीलदारही सांगत नाही. जिल्हा बैठकीत कापसाचा भाव, कर्ज आणि वीज यांवर ठराव होतीलच. त्यांच्या जोडीला आम्ही आणखी एक ठराव मांडत आहोत. तो आपल्या जिवाचा आहे.

आधी गोष्ट समजून घेऊ. कापसाला आग लागली तर ती हवेतल्या प्राणवायूवर जगते. घोंगडे टाकले, माती लोटली की तिचा श्वास कोंडतो. पण काही रसायने अशी आहेत की ती स्वतः सहसा पेटत नाहीत, मात्र जवळच्या आगीला आपल्या पोटातला प्राणवायू पुरवतात. अशा आगीवर माती टाका, घोंगडे टाका, पावडरचा फवारा मारा, ती विझत नाही. तिला लागते पाणी, भरपूर पाणी, आणि तेही सुरुवातीलाच.

ही रसायने काही मुंबईच्या कारखान्यातच असतात असे नाही. ठिबकमधून सोडायचे तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर याच जातीची. सुरुंगाच्या कामाला लागणारे अमोनियम नायट्रेट याच जातीचे. गैरसमज मात्र नको. युरिया, डीएपी, सुपर फॉस्फेट या वर्गात येत नाहीत. पिशवीवर 'नायट्रेट' हा शब्द दिसला की सावध व्हायचे, एवढे ध्यानात ठेवा.

आता साहेब म्हणतील, शेतकऱ्याने घरात खत आणि कापूस एकत्र ठेवूच नये. साहेब, कापूस घरात का असतो? भाव पाडलेला असतो आणि खरेदी केंद्र उघडण्याची वाट पाहायची असते म्हणून. ज्याच्या घराला दोनच खोल्या आहेत, त्याने एका खोलीत कापूस ठेवला, तर खत, डिझेल आणि फवाऱ्याचे औषध कुठे ठेवावे? अंगणात कडब्याची गंजी आहे. गोदाम बांधायला भावातून पैसा उरू द्यायचा नाही आणि आग लागली की शेतकरी अडाणी म्हणायचे! हा न्याय आम्हाला मान्य नाही.

न सांगितल्याने काय होते, ते जगाने पाहिले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी! आग दुपारीच लागली होती. स्फोटकांच्या धोक्याचा लाल बावटा जहाजावर चढलाच नाही. चार वाजून गेल्यावर स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला देशात अग्निशमन सेवा दिन पाळतात. तिथे नायट्रेट खत नव्हते, दारूगोळा होता. पण धोका काय आहे हे सांगायचे कोणी, हा प्रश्न तोच.

१९४७ साली अमेरिकेतल्या टेक्सास सिटी बंदरात सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट खत भरलेले जहाज पेटले. पाण्याने माल खराब होईल म्हणून झाकणे बंद करून आत वाफ सोडली. आग कोंडून विझेल अशी समजूत होती. ती विझली नाही, जहाज फुटले. सुमारे ५८० माणसे मेली आणि गावच्या बंबाचे जवळजवळ सगळे जवान त्यात गेले. माल वाचवायला निघाले आणि गाव गेले.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडू नका. १७ एप्रिल २०१३ रोजी त्याच टेक्सास राज्यातल्या वेस्ट नावाच्या छोट्या गावात शेतकऱ्यांना खत विकणारे गोदाम पेटले. नायट्रेट लाकडी कप्प्यांत ठेवले होते. १५ माणसे मेली, त्यांतली बहुतेक विझवायला धावलेली. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटले. विझवायला गेलेल्या पथकातले दहाही जण परत आले नाहीत. आत काय आहे, हे त्यांना सांगितलेच नव्हते. आणि आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, झाबुआ जिल्ह्यातल्या पेटलावद येथे १२ सप्टेंबर २०१५ रोजी भरवस्तीत साठवलेल्या जिलेटिनच्या कांड्या फुटल्या आणि ७० हून अधिक माणसे गेली. विहिरी खोदायच्या मुलखातली ही गोष्ट आहे. आपलाही मुलूख विहिरी खोदणाराच आहे.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. अमोनियम नायट्रेटसाठी २०१२ चे नियम आहेत, आणि ते राबवणारे केंद्राचे मुख्य कार्यालय नागपुरात, आपल्याच राज्यात आहे. रासायनिक अपघातांसाठी १९९६ चे नियम आहेत. त्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट सांगितला आहे आणि त्याने दर ४५ दिवसांनी बसायचे आहे. खालच्या स्थानिक गटात सरपंचालाही जागा आहे. मोटार वाहन नियमांप्रमाणे घातक माल नेणाऱ्या ट्रकवर मालाचे नाव, क्रमांक आणि फोन लिहिलेला फलक हवा. मग आम्ही विचारतो, जालना जिल्ह्यात असा गट आहे का? असेल तर तो शेवटचा कधी बसला? भोकरदन, जाफ्राबाद, मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड, बदनापूर, यांतल्या किती सरपंचांना त्याचे बोलावणे आले? समृद्धी महामार्ग आपल्या रानातून गेला. त्यावरून काय जाते, हे आपल्या गावाला कोणी सांगितले का?

सरकार जागे होईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचे नाही. गावोगावी एवढे सांगा.

नायट्रेटची पिशवी कापूस, कडबा, पऱ्हाटी, डिझेल आणि गंधक यांच्यापासून दूर, कोरड्या जागी ठेवा. टीसीएलला डिझेल, रॉकेल किंवा ॲसिड लागू देऊ नका. ॲसिड लागले तर विषारी वायू सुटतो. रिकाम्या पिशव्या धुतल्याशिवाय कापूस वेचायला वापरू नका. सांडलेले रसायन भुश्याने किंवा कापसाच्या बोळ्याने टिपू नका. कपड्यांवर पडले तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा, तसेच वाळू देऊ नका.

आग लहान असेल तर वाऱ्याच्या पाठीमागून, लांबून भरपूर पाणी मारा. तपकिरी-नारिंगी धूर दिसला की मागे हटा. तो धूर छातीत गेला तर त्रास काही तासांनी उठतो, म्हणून बरे वाटत असले तरी माणसाला दवाखान्यात न्या. अमोनियम नायट्रेटचे गोदाम किंवा ट्रक पेटला तर विझवायला जाऊ नका, मोबाईलवर चित्र काढायला तर मुळीच नाही. निदान मैलभर दूर व्हा, माणसे हलवा, ११२ ला फोन करा आणि काय पेटले आहे ते नावानिशी सांगा. जळणाऱ्या मालापेक्षा माणूस मोलाचा.

या खतावर बंदी घाला, असे आम्ही म्हणत नाही. बंदी आली की खत काळ्या बाजारात जाते आणि शेतकरी दंडात. ठिबकवाल्याला ते खत लागते, आणि ते त्याला मिळालेच पाहिजे. आमच्या मागण्या चारच आहेत. नायट्रेट विकणाऱ्या प्रत्येक दुकानाने पिशवीबरोबर मराठी सूचनापत्रक द्यावे. प्रत्येक तालुक्याला बंब आणि ही रसायने ओळखणारे जवान द्यावेत. संकट गटाची बैठक वेळेवर व्हावी, तिचे इतिवृत्त ग्रामपंचायतीत लावावे आणि त्यात शेतकऱ्यांचा प्रतिनिधी असावा. आणि कापसाच्या गावाला सामाईक, पक्क्या बांधणीचे, पाण्याजवळचे खत गोदाम मिळावे.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे आपल्या आजोबांच्या वेळेपासून चालत आले आहे. ते यापुढे चालू द्यायचे नसेल, तर आपापल्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, मंजूर करून घ्या आणि त्याची प्रत जिल्हा बैठकीला बरोबर आणा.