स्वहस्ते

माझ्या नातीने काढलेले आकाशकंदिलाचे चित्र शाळांच्या एका स्पर्धेतून परत आले. त्याबरोबर एक प्रशस्तिपत्रकही आले. चित्र परत आले ते नियमात बसत नाही म्हणून, आणि प्रशस्तिपत्रक आले ते मुलगी अपंग आहे म्हणून! न पाहता केलेला धिक्कार आणि न पाहता केलेले कौतुक, दोन्ही एकाच लिफाफ्यात! दिवाळीत माणसाने गोड बोलावे हे मला कळते. पण फराळाच्या ताटात तिखट शेवही असतेच. आजचा हा लेख त्यातलाच समजावा.

नात दहा वर्षांची. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली. हात आहेत, पण ते तिच्या आज्ञेत नाहीत. पेला धरायला जावे, तर कोपर तिसरीकडेच जाते. डोळे मात्र पूर्ण तिच्या हुकमतीत. म्हणून तिच्या संगणकाला एक यंत्र जोडले आहे. त्यातून आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश तिच्या डोळ्यांवर पडतो. बुबुळावर चमकणारा त्याचा ठिपका आणि डोळ्यातली बाहुली यांच्यावरून, ती पडद्यावर कोठे पाहते आहे ते यंत्र ताडते. एका जागी नजर सेकंदभर ठरली, की तेथे बोट टेकल्यासारखे होते.

वाचताना किती सोपे वाटते! मी स्वतः करून पाहिले. डोळा पाहण्यासाठी दिलेला. तोच राबू लागला, तर पाहायचे कशाने? मान कलली की नेम चुकतो, खिडकीतून ऊन आले की यंत्र गोंधळते. अर्ध्या तासात माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि पडद्यावर जे उमटले ते कोंबडीने उकरलेल्या उकिरड्यासारखे होते. पोर त्या कंदिलाशी अकरा दिवस झुंजत होती.

स्पर्धेचा नियम होता, ‘चित्र स्वहस्ते काढलेले असावे.’ मी परीक्षकांना भेटायला गेलो. गृहस्थ सज्जन. म्हणाले, “आजोबा, राग मानू नका, पण हे चित्र यंत्राने काढले आहे.”

यंत्राने? वाचकहो, त्या यंत्रात वाकडी रेघ सरळ करण्याचीही सोय आहे. एका संध्याकाळी तिच्या कंदिलाची कड वाकडी गेलेली पाहून मीच शहाणपणा केला आणि ती कळ दाबली. रेघ फूटपट्टीने ओढल्यासारखी झाली. पोरीने लगेच मागे फिरण्याच्या खुणेवर नजर रोखली, माझी सुधारणा पुसली आणि आपली वाकडी कड परत आणली. मी म्हटले, “अगं, सरळ छान दिसत होती की!” एकेक अक्षर नजरेने निवडून तिने उत्तर लिहिले, ‘वारा आहे.’

वाऱ्यावर हेलकावणाऱ्या कंदिलाची कड सरळ कशी असेल? यंत्राची रेघ तिने टाकून दिली, आणि परीक्षक म्हणतात चित्र यंत्राचे! शिवाय तो कंदील तिने बाजूने काढलेलाच नाही. चाकांच्या खुर्चीत मागे रेललेल्या मुलीला तो खालूनच दिसतो : मध्ये पिवळा उजेड, भोवती काळोखी कड, आणि तोंडावर येणाऱ्या झिरमिळ्या. हे पाहणे यंत्राच्या कोणत्या कप्प्यात होते?

शंका अगदीच खुळी आहे असे मी म्हणत नाही. आज एक वाक्य सांगितले की अख्खे चित्र करून देणारी यंत्रे निघाली आहेत. मग या ना, तिच्या शेजारी तासभर बसा! रेघ कोणाची ते आपोआप कळेल. चौकशी करणे हा अपमान नव्हे. चौकशीचे कष्ट न घेणे हा अपमान आहे.

आणि ‘स्वहस्ते’ एवढ्यावरच कला ठरवायची, तर आँरी मातीसचे काय करणार? १९४१ सालच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तो खुर्चीला आणि बिछान्याला खिळला. मदतनीस कागद रंगवून देत, तो कात्रीने आकार कापी, आणि तो सांगेल तसे ते मदतनीस भिंतीवर टाचत. ती चित्रे मदतनिसांची, असे कोणी म्हटल्याचे मला ठाऊक नाही. डब्लिनचा ख्रिस्ती ब्राउन डाव्या पायाने रंगवी. त्याच्यासाठी काय ‘स्वपदे’ असा पोटनियम करायचा? आपल्याकडच्या २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात तर, कलाविषयांचे अभ्यासक्रमच असे बदला की या मुलांना भाग घेता येईल, असे म्हटले आहे. येथे एक शब्द बदलवत नाही!

‘हातात कला आहे’ असे आपण म्हणतो खरे. पण जाणकार माणूस चित्रापुढे थबकतो तेव्हा म्हणतो, ‘नजर आहे!’

मी बक्षीस मागत नाही. ‘स्वहस्ते’ खोडा आणि ‘स्वतः’ लिहा, एवढेच मागतो. मग चित्र पाहा, आणि वाईट असेल तर खुशाल वाईट म्हणा. झिरमिळ्यांचा हिरवा रंग भडक झाला आहे असे मी तिला तोंडावर सांगितले. दोन दिवस तिने माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पाहतो तो हिरवा किंचित उतरवलेला! प्रशस्तिपत्रकाकडे मात्र तिने सेकंदभरही नजर ठरू दिली नाही.